घरं नकोत म्हणणारी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, दारापुढच्या गवतात तारेच्या दोन पायांवर उभी राहणारी, प्लॅस्टिकची. माझ्या अंगावर लाल अक्षरे आहेत: ‘स्वस्त घरे? आमच्या गावात नकोत!’ ती अक्षरे आज मला अंगावर वागवायचीही लाज वाटते.

छापखान्यात आम्ही साठ बहिणी एका दुपारी जन्मलो. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात, पाइन फोर्क या गावात, ड्वेन नावाच्या गृहस्थांनी आम्हाला घरोघर वाटले. गाव लहान, पण झपाट्याने वाढत होते. शहरातली माणसे येऊन घरे घेत होती आणि भाडी आभाळाला भिडली होती. म्हणून चाळीस घरांची एक इमारत बांधायचे घाटत होते. तिच्यात पैसा घालणाऱ्यांना सरकार करात सूट देणार आणि बदल्यात भाडे कामकरी माणसाला झेपेल एवढेच ठेवायचे. अशी सूट दर वर्षी मोजक्याच गावांच्या वाट्याला येई. गावाचा पाठिंबा असला, तर सूट मागणाऱ्या अर्जाला वजन येई.

मी लोर्नाबाई हॉगेन यांच्या अंगणात उभी राहिले. येणारे-जाणारे गाडीचा भोंगा वाजवून मला दाद देत. मी फुलून जाई.

लोर्नाबाईंचे यजमान आर्विड अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. त्यांना उठवायला, न्हाऊ घालायला, भरवायला जोलीन नावाची बाई रोज येई. एका सकाळी ती माझ्यापुढे थबकली.

“लोर्नाबाई, ही पाटी तुम्ही लावलीत?”

“अगं, ती तुझ्यासारख्यांसाठी नाही. बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे.”

“मी बाहेरूनच येते की. रोज पन्नास मैल. त्या घरांसाठी मीही नाव नोंदवणार होते.”

जोलीनने बुटांचा चिखल झटकला आणि ती आत कामाला गेली. मित्रांनो, त्याच वेळी मी वाऱ्याने पडले असते, तर किती बरे झाले असते! पण मी ताठ उभी होते.

पाठिंबा द्यायचा की नाही हे ठरवायला गावाची सभा भरली, त्या दिवशी लोर्नाबाईंनी मला दोन्ही हातांनी उंच धरले. मागच्या बाकावर जोलीन बसली होती. मी तिला स्पष्ट दिसत होते. सभेने पाठिंबा नाकारला आणि त्या वर्षीची सूट दुसऱ्याच गावाला गेली. टाळ्या वाजल्या. मला घरी आणून गराजात ठेवले.

पुढचे मी तिथेच ऐकले. हिवाळ्यात घाटाचा रस्ता बर्फाने बंद झाला. चार दिवस जोलीन येऊ शकली नाही. पाचव्या सकाळी लोर्नाबाई एकट्याच आर्विडना उचलायला गेल्या आणि दोघेही न्हाणीघरात पडले. दोन तासांनी ड्वेन कशाला तरी आले, म्हणून दोघे वाचले. त्यानंतर जोलीनने आपल्या गावाजवळच्या शुश्रूषागृहात नोकरी धरली. आर्विडनाही तिथेच ठेवावे लागले. आता तेच पन्नास मैल लोर्नाबाई तुडवू लागल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा सभा भरली. निघताना ड्वेन गराजात आले. “पाटी घेताय ना?”

“नाही. मागच्या वर्षी ही धरून उभी राहिले. यंदा नुसतं तोंड घेऊन जाते. तेही दाखवायला जड जातंय.”

त्या तिथे घरांच्या बाजूने बोलल्या. या वेळी सूट मिळाली आणि इमारत उभी राहिली. दारे उघडली त्या दिवशी लोर्नाबाईंनी गराजातच गाडीत बसून जोलीनला फोन लावला. गाडीच्या स्पीकरमधून दोघींचेही बोलणे मला ऐकू येत होते.

“घरं झाली गं. येतेस ना? नाव नोंदवायला मी बरोबर येते.”

“नको, लोर्नाबाई. मुलीची शाळा इथंच लागली आता. पण आर्विडना दुपारचं मीच भरवते. रस्ता खराब असला तर तुम्ही धावपळ करू नका.”

लोर्नाबाईंनी फोन ठेवला. मग गाडी सुरू करून त्या आर्विडना भेटायला पन्नास मैलांच्या वाटेला लागल्या.

मित्रांनो, मला अक्षरे निवडता आली नाहीत. तुम्हाला येतात. दाराबाहेर ‘नको’ असे लिहिण्याआधी, आत कोण आपल्या माणसाला घास भरवते आहे, तेवढे पाहून घ्या.