चाखून भरलेला मध

मधवालीच्या जिभेचा सगळ्यांना धाक होता. थेंबभर मध जिभेवर ठेवून ती तो कोणत्या फुलाचा ते सांगे, आणि कोणी शंका काढली की त्या माणसाला पुन्हा मध विकत नसे. थोरल्या झाडाच्या मधाचं कौतुक तर विचारायलाच नको. ते झाड रानातलं, मूळचं तिथलंच, कोणी लावलेलं नव्हे. त्याचा मध काळसर, शेवटी किंचित कडवट. खोकला असो, जखम असो की उडालेली झोप, तिच्याकडे औषध एकच. बरणीवरच्या चिठ्ठीत ती स्वतःच्या हाताने लिहायची: थोरल्या झाडाचा, चाखून भरलेला.

या वर्षी मात्र ऐन मध काढायच्या दिवसांत तिला सर्दी झाली. नाक चोंदलेलं, तोंडाला कसली म्हणून चव नाही. गुडघा धरल्यामुळे रानात जाऊन फुलोराही बघितला नव्हता. महिना थोरल्या झाडाचा, रंग काळसर, मग आणखी काय बघायचं? तिने न चाखताच बरण्या भरल्या. पहिली बरणी नेहमीसारखी दादाकडे गेली, आज सकाळीच. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, शिंपी, हृदयाने अधू. रोज दुपारी चारला दोन चमचे घ्यायचे अशी तिची ताकीद होती, आणि गेली सात वर्षं तो "घेतो गं बाई" म्हणत आला होता.

दुपारी पोळं कापायची सुरी धुताना पात्याला चिकटलेला थेंब तिने सवयीने चाटला. घशात आग झाली. मग ओठ बधिर झाले आणि जिभेच्या शेंड्याला मुंग्या आल्या.

ही आग आणि हा बधिरपणा तिने लहानपणी एकदाच अनुभवला होता, तेव्हा बापाने घशात बोटं घालून तिला ओकायला लावलं होतं. ओढ्याकडच्या जांभळ्या झुडपाचा मध. त्या पाल्याला बकऱ्यासुद्धा तोंड लावत नाहीत. म्हणजे थोरलं झाड यंदा फुललंच नव्हतं, आणि माश्या मिळेल तिथे गेल्या होत्या. हा मध पोटात गेला की नाडी मंदावते. दादाचं हृदय तर आधीच रडतखडत चालणारं.

चाराला दहा मिनिटं कमी होती. तिने फोन लावला. तो नुसता वाजत राहिला, कारण मशीन चालू असलं की दादाच्या कानाशी ढोल वाजवला तरी त्याला कळत नाही. ती तशीच अनवाणी निघाली. गुडघा दुखतोय हे तिला दुकानाच्या पायरीवर कळलं.

"दादा, आजचा मध घेतलास?"

दादाने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. मग चोरी पकडल्यासारखा चेहरा करून त्याने कापड कापायच्या टेबलाखालचं कपाट उघडलं. दोऱ्याच्या रिळांमागे सात वर्षांच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या. एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं.

"मला गोड आवडत नाही गं. तुझं मन कशाला मोडायचं म्हणून बोललो नाही."

एरवी तिने त्याला सोलून काढला असता. आता ती तिथेच जमिनीवर बसली आणि डोळे पुसत हसली. हसता हसता तिने बरण्यांवरून नजर फिरवली.

"सकाळची कुठाय?"

"ती होय? तुझी लेक आली होती कोट न्यायला. खोकून बेजार झालेली. म्हटलं, आईचंच औषध आहे, घे दोन चमचे. तिने चार घेतले. आता चक्कर येतेय म्हणून आत पडलीय."

आतल्या खोलीत लेक कापडाच्या गठ्ठ्यावर आडवी होती, घामाने निथळत. मधवालीने तिचं मनगट धरलं. एक ठोका लागला. पुढचा येईना. आला तेव्हा तिला वाटलं, आपलाच श्वास थांबला होता.

दादाने डॉक्टरांना फोन लावला. "गाडी पाठवतो," डॉक्टर म्हणाले, "पण मध कसला होता?"

दादाने बरणी उजेडात धरून वाचलं, "थोरल्या झाडाचा, चाखून भरलेला."

"खोटं आहे ते," मधवाली म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मी चाखला नव्हता. जांभळ्या झुडपाचा आहे. विषारी."

लेकीने डोळे अर्धे उघडले. "कडू लागला गं, आई. पण तुझा होता, म्हणून घेतला."

मधवालीने मनगट सोडलं नाही. बोटाखाली एक ठोका पडला, आणि ती पुढच्याची वाट बघत राहिली.