चादरीचं दुसरं टोक

“मूठ सोडा, मावशी! पडताना हातात काही धरायचं नसतं.”

मास्तरीण माझ्या नातीच्या वयाची. मारामारीची विद्या शिकलेली, पण आम्हाला शिकवायला आली होती पडायला. आमच्या धुलाईघरात इस्पितळांच्या चादरी येतात. फरशी बारा महिने ओली. वर्षभरात पाचजणी घसरल्या तेव्हा कुठे साहेबांना जाग आली. मग कामाआधी अर्धा तास सुकवणीच्या खोलीत पवित्रे: गुडघे सैल, वजन या पायावरून त्या पायावर, डोळे मिटून उलटं चालणं, आणि शेवटी गादीवर पडणं. जिला पडता येणार नाही तिची रवानगी घडीच्या टेबलावर. तीस वर्षं ओल्या फरशीवर माझा शब्द चालला. मी आता म्हातारीसारखी बसून टॉवेलांच्या घड्या घालू? मेले तरी नाही.

उलटं चालणं मला कुणी शिकवायला नको. ओली चादर दोघींनी न्यायची, एक सरळ, एक उलटी. उलटी कायम मीच. समोर माझी धाकटी जाऊ. चादर फरशीला टेकली की पुन्हा धुवावी लागते, म्हणून माझा नियम होता: जीव गेला तरी टोक सोडायचं नाही. गेल्या वर्षी तिचा पाय घसरला. तिनं टोक सोडलं नाही, म्हणून हात टेकता आला नाही. डोकं आपटलं. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो “चादर!” तेवढा तिनं ऐकला. त्यानंतर तिनं काही ऐकलं नाही.

पवित्र्यांना सगळ्या जोडीनं, मी एकटी उरलेली. पहिल्याच दिवशी डोळे मिटले, रिकामे हात पुढे धरले, पाऊल मागे टाकलं. बोटांना ओढ लागली. भिजलेल्या कापडाची, गार.

“तोल झकास आहे हो तुमचा!” मास्तरीण म्हणाली.

“तोल कसला डोंबलाचा. पलीकडून धरलंय.”

“कुणी, काकांनी?” इस्त्रीवाली फिसकन हसली.

“काकांनी कधी घर धरलं नाही, मला काय धरतायत!”

पोरी खिदळल्या. माझी बोटं मात्र गारठून पांढरी पडली होती.

आठ दिवस हेच. मी मागे झुकायची आणि ती ओढ मला सरळ उभी करायची. पडणं काही जमेना. नवव्या दिवशी साहेब स्वतः दारात येऊन उभे राहिले. “मावशी, आज नाही जमलं तर उद्यापासून टेबल.”

मी डोळे मिटले. ओढ होतीच. “सोड गं बाई,” मी पुटपुटले. ती कशी सोडेल? नियम माझाच.

मग मीच बोटं उघडली, एकेक करून.

हनुवटी छातीला, पाठ गोल. शिकवल्याप्रमाणे गादीवर पडले. खरचटलंसुद्धा नाही. साहेबांनी मान डोलावली.

आणि समोर, चार हातांवर, जिथे गादी नव्हती तिथे, धप्प झालं.

इस्त्रीवाली भिंतीला चिकटली. मास्तरीण त्या कोरड्या फरशीकडे बघत राहिली.

“उठा, मावशी,” तिचा आवाज बारीक झाला होता. “झालं तुमचं.”

“थांब,” मी म्हटलं. “आधी तिला उठू दे.”