फेस म्हणून पुसलेले पक्षी

नानांची तिथी नेमकी शुक्रवारी आली. परदेशात पितृपक्षाला सुट्टी कुठली! जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या त्या फ्लॅटमध्ये देवदत्त घरूनच काम करत होता आणि बाल्कनीत वडिलांसाठी वाढलेलं पान गार होत होतं. कावळा समोरच्या झाडावर होता. येत नव्हता.

"अहो, या ना आता. वडे निवतायत," देवदत्तची आई, शैलाताई, झाडाकडे बघून म्हणाल्या.

"देवदत्त, टेर्मिन घेतली होतीस का?" वीणा नवऱ्याला म्हणाली. "इथे अपॉइंटमेंटशिवाय कावळासुद्धा भेटत नाही."

शैलाताई हसल्या नाहीत. "त्यांचं काहीतरी राहिलंय. कबूल कर, देवदत्त."

देवदत्तने हात जोडले. "नाना, आईला दरवर्षी इथे आणीन."

कावळा ढिम्म.

"नाना, पुण्याचं घर विकणार नाही."

ढिम्म. लॅपटॉप मात्र वाजला.

थांबा. त्या लॅपटॉपचं आधी सांगायला हवं. ट्यूना पकडणाऱ्या बोटी दक्षिणेच्या समुद्रात मैलोन्‌मैल दोर सोडतात. दोराला आमिष लावलेले गळ. आमिषावर अल्बाट्रॉस झेपावतो, गळाला अडकतो, दोराबरोबर बुडतो. बोटीवरचा कॅमेरा ते टिपतो आणि देवदत्तच्या कंपनीचं सॉफ्टवेअर पक्षी ओळखतं. ग्राहकाला, म्हणजे बोटींच्या मालकाला, अहवालात पक्षी नको होते. बॉस म्हणाला होता, "आल्झो... म्हणजे, इतके पक्षी कसे? बघ जरा." देवदत्तची प्रोबेत्साइट चालू होती, म्हणजे कच्ची नोकरी. ती गेली की व्हिसाही धोक्यात. त्याने बघितलं. 'पक्षी' पुसून 'लाटांचा फेस' लिहिलं.

आताही पडद्यावर एक होता.

"केवढा रे हा!" आई मागे येऊन उभी होती.

"ट्रिस्टन अल्बाट्रॉस. फार थोडे उरलेत."

"मेलाय? आणि तू काय लिहितोयस?"

त्याने सांगितलं. सांगताना कान तापले.

"याचं घरटं असेल की."

"असतं. जोडी जन्माची. दोन वर्षांतून एकच अंडं. दोघं आळीपाळीने पिल्लाला भरवायला..."

"म्हणजे पिल्लू तिकडे वाट बघतंय, आणि तू म्हणतोस, बाप नव्हताच, फेस होता! आणि इथे स्वतःच्या बापासाठी पाखराला हात जोडतोस?"

"आई, नोकरी जाईल."

"जाईलही. पण पक्षी मेला ते बोटवाल्याचं पाप. तो नव्हताच म्हणणं, हे तुझं."

वीणा वाकून पडद्यावरचा पक्षी बघू लागली. ते जास्त लागलं. बाल्कनीकडे मान वळवायची त्याला लाज वाटली. हे सगळं त्याला आधीपासून ठाऊक होतं! ठाऊक असून बोट चाललं होतं!

"नाना," तो पडद्याकडे बघत म्हणाला, "पक्ष्याला पक्षीच लिहितो."

एकेक फेस त्याने पुन्हा पक्षी केला. मग बॉसला कळवलं: खोटं मी लिहिलं होतं, दुरुस्त केलंय, पुन्हा बदलणार नाही. वीणाने शेजारी खुर्ची ओढली.

उत्तर अजून आलेलं नाही. कावळा शिवला का? देवदत्तने पाहिलं नाही. पाहायला तोंड नव्हतं.

नागरिकहो, आपल्यातल्या फार थोड्यांच्या हातात गळ असतो. बाकीच्यांच्या हातात फक्त एक बटण असतं, एक सही असते. म्हणून आपण स्वतःला निर्दोष समजतो. डोळ्यांदेखत मेलेल्याला 'नव्हताच' म्हणू नका. तो त्याचा दुसरा मृत्यू असतो, आणि तो आपल्या हातून होतो.