न उचललेला भंडारा

“उचल की रं आकाराम! कवाधरनं ताट धरून हुबा हाय मी,” अमरसिंह म्हणाला.

ताटात भंडारा होता, देवाची हळद. मंगळवार पेठेतल्या त्या तालमीत निवडणूक आली की ही रीत ठरलेली. ताट फिरायचं, प्रत्येक घरातल्या कर्त्यानं चिमूटभर भंडारा कपाळाला लावून पेठेचे पुढारी असलेल्या साहेबांनाच मत द्यायची शपथ घ्यायची. एकदा भंडारा उचलला की डोक्याला ताप नाही. आकारामला ही रीत फार सोयीची वाटायची. दिवसभर म्हशींच्या मागं राबणाऱ्यानं वर राजकारणाचा विचार कशाला करायचा?

आज मात्र त्याचा हात मांडीवरून हलेना.

“अमर, मागल्या खेपंला ह्येच ताट हुतं. ज्यास्नी पाडायची शपथ घेतली, त्यांच्यातच साहेब गेल्यात की आता.”

“मग? वरचं राजकारण हाय ते. आपुन साहेबांची माणसं.”

“माझी भन तुटली रं त्यापायी.”

खोटं नव्हतं ते. धाकटी बहीण चिमणाबाई, तिचा नवरा पलीकडच्या पार्टीचा. ‘त्यांच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नका,’ असं साहेब भर सभेत गरजले आणि आकारामनं ते अक्षरशः पाळलं. पाच वर्षं भाऊबीजेला गेला नाही. परवा चौकातल्या बॅनरवर साहेब आणि पलीकडचे पुढारी एकमेकांना पेढा भरवत होते. ते बघून आकारामला साहेबांपेक्षा स्वतःचाच संताप आला. कुणीतरी सांगितलं म्हणून बहीण सोडली, आणि का सोडायची हे स्वतःला एकदा विचारलंसुद्धा नाही!

“न्हाय उचलत,” तो म्हणाला.

“लई शाणा झालास व्हय?” म्हणत अमरसिंहनं ताट पुढच्या माणसासमोर धरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकाराम नेहमीसारखा म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर आला. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळता पेला हातात द्यायचा, हा त्याचा धंदा. तालमीतली सगळी मंडळी त्याच्याकडंच यायची. दूध थोडं आणि टवाळ्या फार. त्या संध्याकाळी सगळे शेजारच्या गवळ्याकडं वळले. अमरसिंहनं तर पाठ करूनच पेला रिकामा केला. बायको गेल्यापासून आकारामला चार शब्द बोलायला तेवढीच जागा उरली होती. आता म्हशींशी बोलायचं, आणि त्या काही टवाळी करत नाहीत.

उरलेलं दूध किटलीत घेऊन तो सरळ बहिणीच्या दारात गेला. चिमणाबाईनं दार उघडलं, भावाला बघून डोळ्यांना पदर लावला, पण उंबऱ्यातून बाजूला काही झाली नाही. आत मेहुणे मुद्दाम खोकले.

“दादा, आता वाट घावली व्हय? ह्यांनी परवाच साहेबांचा भंडारा उचलला. आन तू म्हणं उचलला न्हाईस. आमी अल्याड आलो तवर तू पल्याड गेलास!”

“म्या कुठं पल्याड गेलो, चिमणे? म्या कुठंच न्हाय.”

“ह्ये तेच म्हणत्यात. कुठंच नसलेल्या माणसाला घरात कसं घ्यायचं?”

ती किटली घेऊन आत गेली, दूध ओतून घेऊन किटली धुऊन आणली. माहेरच्या माणसाला भांडं रिकामं कसं द्यायचं, म्हणून तिनं तळाशी चिमूटभर साखर टाकली होती. आकारामनं वाटेत ती बोटानं चाटून खाल्ली आणि त्याला भडभडून आलं.

मतदानाला तो पहिल्यांदाच एकटा गेला. एरवी तालमीचा घोळका असायचा, आत गेलं की बोट आपोआप ठरलेल्या चिन्हावर पडायचं. आज पुठ्ठ्याच्या आडोशामागं उभा राहून तो वरपासून एकेक नाव वाचत गेला. इतकी माणसं दर वेळी उभी असतात, हेच त्याला माहीत नव्हतं.

“मामा, आवरा की!” टेबलावरचा कर्मचारी ओरडला.

“थांबा की पावणं, इचार करतोय.”

बऱ्याच वेळानं मशीन वाजलं.

परतताना तालमीच्या दारात अमरसिंह खुर्ची टाकून बसला होता. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, “टाकलं न्हवं साहेबास्नी?” उत्तर ठाऊकच असायचं, पण विचारायचं. आकाराम त्याच्यासमोर जाऊन थांबला. त्याला वाटलं, विचारावं ह्यानं. शिव्या घालाव्यात, भांडावं. कुणाला टाकलं आणि का, ते आपण सगळं सांगू. आज सांगण्यासारखं आहे आपल्याकडं.

अमरसिंहनं त्याच्या बोटावरच्या शाईकडं एकदा बघितलं. मग मान थोडी तिरकी करून मागून येणाऱ्याला त्यानं विचारलं, “टाकलं न्हवं?”

मागच्याला वाट हवी होती, म्हणून आकाराम बाजूला सरकला.