मेघनाथ महाराजांची कोरडी ढेकळं

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी आमच्या पारावर एवढी गर्दी, की देवालाही अंग चोरून बसावं लागलं असतं. चांदूर रेल्वेच्या आसपासच्या गावांतून बैलगाड्या सुटल्या होत्या. अकोल्याच्या जुन्या शहरातले मेघनाथ महाराज सालभराच्या पावसाचा कौल देणार होते.

रीत आमची जुनीच. पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं मांडायची, वर पाण्यानं भरलेली नवी मातीची घागर ठेवायची. रात्रभर पाझरून जे ढेकूळ भिजेल, त्या महिन्यात पाऊस. घरोघरी चालणारा खेळ. महाराजांनी मात्र ढेकळं स्वतः ‘मंत्रून’ आणून रात्रीच पारावर मांडली होती.

“इंद्राशी माझं रोजचं बोलणं आहे,” घागर उचलत ते गरजले. “बघा! ज्येष्ठ कोरडा! आषाढ ठणठणीत! श्रावण, भादवा ओले! श्रावणाआधी पेराल तर मराल. बी घरात किडेल, आजच विकून टाका!”

चांदूरचा बियाण्याचा दलाल पारामागे वजनकाटा लावून बसलाच होता. इंद्रानं त्यालाही आधी कळवलं असावं.

घाबरलेले लोक घरचं बी गाड्यांत भरून आणू लागले. रांगेत पहिली गाडी मनकर्णाबाईची. नवरा गेलेला, वावर काळ्या मातीचं, पण सरकीचं बियाणं गाडीत होतं तेवढंच.

“इकतो जी,” ती म्हणाली, “पन आंदी ढेकळं बैलाले ओवाळू द्या. आमची रीत हाय.”

महाराज दचकले. “नको, नको! ती गंगेत सोडायची असतात.”

“कावून? गंगा कुठी, अन् माहा बैल कुठी? बैल तं इथंच उभा हाय.”

लोक हसले. तिनं सुपात ढेकळं घेऊन बैलापुढे धरली. बैलानं श्रावण हुंगून सोडला, भादवाही सोडला. ज्येष्ठ-आषाढ मात्र असे चाटायला लागला, की सूप मागे ओढता येईना.

शाळेच्या कुंदाबाई पुढे झाल्या. भिक्षुकाची लेक, पण डोळे उघडे. “याला खायला काय घालता?”

“जवसाची ढेप,” मनकर्णाबाई म्हणाली. तेल गाळून उरलेली पेंड ती.

बाईंनी ज्येष्ठाचा वास घेतला आणि त्यावर तांब्या ओतला. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी घरंगळलं. वावरातलं साधं ढेकूळ आणून त्यावर ओतलं, तर त्याचा चिखल झाला.

“जवसाचं तेल चोपडलंय. यात पाणी शिरेल कसं? आज बी स्वस्तात न्यायचं, आणि मृगात तुम्हालाच दामदुपटीनं विकायचं!”

महाराज “घोर कली!” म्हणत पळाले आणि थेट दलालाच्या दमणीत, त्याच्या छोट्या बैलगाडीत, जाऊन बसले.

तेवढ्यात गावचे खुशालराव पाटील नारळ घेऊन बैलापुढे वाकले. “नंदीनं कौल देला! इचारा त्याले, पानी कवा येते!”

“भाऊजी, त्याले ढेप पायजे, नारळ नाही,” म्हणत मनकर्णाबाईनं बियाण्याची गाडी घराकडे वळवली.

“मंग बाई, तुमीच सांगा,” पाटील कुंदाबाईंकडे वळले, “जेठात पानी येईन का?”

“मला ठाऊक नाही.”

सगळं गाव नाराज झालं. सकाळपासून पारावर एकच माणूस खरं बोललं, तर ते कुणाला आवडेना!

अरे, ‘ठाऊक नाही’ म्हणणाऱ्यावर रुसता आणि थापाड्याच्या पायावर डोकं ठेवता? पुढचा महाराज येईल तेव्हा आधी त्याच्या ढेकळावर पाणी ओता. बैलानं चाटलं ते ढेपेच्या आशेनं. पारखायचं काम त्याचं नाही, तुमचं आहे.