कान पकडल्याशिवाय काडी येत नाई

खोटं बोलीन तं तोंडातला उरलासुरला दात आजच पडो! गणपतीची आण, जाम नदीची आण, आणखी कोणाची पाहिजे असन तं त्याची आण. शब्द न् शब्द खरा हाये. हसू नका पोट्टेहो. तुमच्या मायले विचारा. थे पाहा, भाजी चिरता चिरता इकडंच कान लावून बसली हाये.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. तवा पांढुर्ण्याले माही टायपिंगची क्लास होती. हिंदीच्या मशीनी, इंग्रजीच्या मशीनी, अन् शिकवायले तुमची माय, प्रतिभा. तिचं साक्षगंध झालं होतं सौंसरच्या रघुनाथरावाच्या विजयसंग. रघुनाथराव संत्र्याचा व्यापारी, आवाज असा का बोलला तं झाडावरची संत्री पिकून जाये. पोरगा नागपूरले जाऊन कॉम्प्युटर शिकून आला न् त्याचे पाय जमिनीवरून उठले.

एक दिवस क्लास भरली होती. हा दारात उभा राह्यला. सगळ्या पोरापोरींसमोर म्हणते, "काकू, आता कॉम्प्युटरचा जमाना हाये. ठकठक करणारी बायको घेऊन मी चारचौघात कसा फिरू?"

साक्षगंधाची अंगठी काढली न् मशीनवर ठेवून चालला गेला. हातात नाई दिली. मशीनवर ठेवली!

प्रतिभानं समोरच्या पोरीचं अर्धं राह्यलेलं पान पुरं करून घेतलं, मंग आत गेली. पण म्या तिथल्या तिथं गणपतीले कबूल केलं: हा पोट्टा गावासमोर माह्या पोरीची माफी मागत नाई, तंवर गोडाले हात लावणार नाई. पोळ्याले घरात पुरण शिजलं, अन् मी कोपऱ्यात बसून ठेचा-भाकर खाल्ली. डोळ्यातून पाणी आलं थे ठेच्याचं नव्हतं.

त्याच पोळ्याले ग्रीस देशाचा एक साहेब आला, निकोस नावाचा. दुसऱ्या दिवशीची गोटमार, जाम नदीच्या दोन काठांवरून आपण न् सावरगाववाले एकमेकाले दगडं मारतो थे, पाहून तिच्यावर लिहायचं होतं त्याले. संग पेटीएवढा कॉम्प्युटर. वजन असं का स्टेशनवरून आणता आणता हमाल सोताच्या बापाचं नाव विसरला. मोठा टेबल न् लाईट माह्याच क्लासात, म्हणून मशीन तिथंच मांडली.

साहेब मोडक्या हिंदीत गोष्टी सांगे. त्यायच्या भाषेत एक-एक शब्दाच्या डोक्यावर तिरपी काडी असते. थे काडी कशी काढायची थे त्यानं आम्हाले दाखवलं. एक कळ दाबायची. पडद्यावर काईच येत नाई. मशीन नुसती वाट पाहून राह्यते. मंग अक्षर दाबलं का थे काडी डोक्यावर घेऊनच निघते. अक्षर पहिले दाबलं तं डोकं बोडकं.

"अवं आई, आपल्या हिंदी मशीनवानीच हाये का नाई?" प्रतिभा बोलली. "मात्रा पहिले, अक्षर मंग."

गोटमारीत साहेबाच्या मनगटावर दगड बसला. कोणी म्हणे सावरगावचा, कोणी म्हणे आपल्याकडचा. प्लास्टर कराले त्याले दवाखान्यात न्यायचं ठरलं. पण संध्याकाळच्या गाडीनं त्याचा एक दोस्त दिल्लीले जाणार होता, त्याच्या हाती लेख धाडायचा होता. त्याच्या भाषेत हातानं लिहिलेली पानं टेबलावर ठेवून म्हणते, "कोई टाईप कर दो, प्लीज."

प्रतिभा उठली. तं रघुनाथराव, जत्रेले आला होता, मधातच बोलला, "राहू दे पोरी. बायामाणसाचा खेळ नोहे हा. माहा विजय करन."

"करू द्या नं भाऊ," म्या म्हटलं. "माहं काय जाते!"

विजय आला. ज्या दारातून अंगठी टाकून गेला त्याच दारातून मान खाली घालून आत. अर्धं गाव पाहायले जमलं. कोणाच्या डोक्याले पट्टी, कोणाचा हात गळ्यात, पण कॉम्प्युटर पाहायची हौस दांडगी. कळा पाहून पाहून अक्षरं तं त्यानं शोधली, पण काडी काई निघे ना. अक्षर दाबे, मंग काडीची कळ दाबे, मशीन टींग करून ओरडे. घाबरून भलतंच काई दाबलं न् पुरं पान उडालं.

खिडकीतून गुणवंता ओरडला, "विजयभाऊ, नागपूरले कॉम्प्युटर शिकला का बँड वाजवणं?"

घामानं डबडबलेलं थे तोंड माह्याकडं वळलं. "काकू, साहेबानं तुम्हाले काही सांगितलं काय?"

बस. माहा देव पावला.

"सांगितलं तं हाये बाप्पा. पण तू काई करणार नाईस."

"करतो नं काकू!"

"मंग आयक. थे कळ दाबायची. मंग आपला कान पकडायचा. मान लववायची. अन् मंग अक्षर."

"कान? मशीनले काय समजते कान पकडला का नाई?"

"त्यायच्या देशाची रीत हाये. शब्दाले मान दिल्याशिवाय शब्द डोकं वर काढत नाई. मले कायले विचारतं, करून पाह्य."

त्यानं कळ दाबली. कान पकडला. मान लववली. अक्षर दाबलं. अन् पोट्टेहो, काडी आली! अशी ऐटीत, तिरपी, डोक्यावर!

"आली!" रघुनाथराव ओरडला. बाहेर गाडीले जुंपलेला बैल सुटून पळाला.

"पण ध्यान ठेव," म्या हळूच म्हटलं, "एक बार जरी कान चुकला, तं मांगचं सगळं पुसून जाते."

एक पान तं त्यानं आधीच उडवलं होतं. आता त्याची काय हिंमत! मंग मी म्हटलं, "प्रतिभे, कागद धर वं त्याच्या समोर. बिचाऱ्याची मान दुखन."

प्रतिभा कागद घेऊन त्याच्या पुढ्यात उभी राह्यली. तो शब्द पाहायले मान वर करे तं समोर तिचं तोंड. कळ दाबे, कान पकडे, तिच्यासमोर मान लववे, अक्षर दाबे. पुन्हा मान वर, पुन्हा कान. शब्दाशब्दाले! दोन ओळी झाल्या तं बायका पदरात हसायले लागल्या. पानाच्या शेवटी लीलाबाई मोठ्यानं बोलली, "साक्षगंध मोडलं त्याची माफी मागून राह्यला वाटते पोट्टा!" त्याले थे आयकू आलं. कान लाल झाला. पण सोडता येत नव्हता, बापा!

शेवटच्या पानावर प्लास्टरवाला साहेब आला. खुर्चीमांगं उभा राहून दोन-तीन शब्द पाह्यले. मंग डावा हात पुढं केला, कळ दाबली, अक्षर दाबलं. काडी आली. साहेबानं विजयकडं पाह्यलं. "कान क्यों?"

गाव असं हसलं का तिगावच्या स्टेशनावर थांबलेली मालगाडी हादरून सुटली. विजय उठला तं खुर्ची त्याच्यासंगच उठली. रघुनाथराव मांगच्या दारानं गेला. चार दिवसांनी बोरगावच्या कोण्या सोयऱ्याच्या हाती निरोप आला, का झालं गेलं विसरा, पोरगी द्या. म्या म्हटलं, "अंगठी मशीनवर ठेवली हाये. मशीनले विचारून सांगतो."

गोटमारीच्या रात्रीच म्या पुरण घातलं न् तुपात बुडवून खाल्लं. तुमची माय मोठ्या मनाची, म्हणून विजय कान पकडून राह्यला होता तवा त्याच्याकडं पाहून बोलली, "बस झालं आई. सोड आता त्याले."

काय वं प्रतिभे? चाकू कायले थांबवला?

बरं बरं. सांगतो.

पोट्टेहो, बाकी शब्द न् शब्द खरा. हे शेवटचं तेवढं माह्या पदरचं. तुमची माय 'बस झालं' म्हटलीच नाई. शेवटचं पान आलं तवा ती माह्या कानाशी वाकली न् म्हणते, "आई, साहेबाचं आणखी एखादं पान असन का वं?"