हजार चाळीस पावलं

खांबवाडीच्या धुळाजीला भालाफेकीत हरवणारा माणूस अजून जन्मला नव्हता. त्याचं एक कारण असं, की त्याच्याशिवाय भाला फेकत कुणीच नव्हतं. गावात भाला एकच होता आणि तो अकरा वर्षं त्याच्याच हातात होता.

हा काही खेळ नव्हता. खांबवाडी आणि माळेगव्हाणचं शिवेचं भांडण कुण्या जुन्या देशमुखानं कंटाळून तोडलं होतं. जत्रेच्या दिवशी खांबवाडीच्या गड्यानं म्हसोबाच्या चिऱ्यापाशी उभं राहून भाला फेकायचा. जिथं तो उभा रुतेल तिथवर जमीन वर्षभर खांबवाडीची, पलीकडची माळेगव्हाणची. आडवा पडला तर बाद. आणि सरकारी गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, येऊन बघेस्तोवर भाल्याला कुणी हात लावायचा नाही. लोकांनी देशमुखाला तेव्हाच वेड्यात काढलं असतं, पण चिऱ्यापासून ऐंशी पावलांवर दोन्ही गावांतली एकुलती एक विहीर होती. त्यामुळे सगळे गंभीर झाले. अकरा वर्षं धुळाजीचा भाला विहिरीच्या पलीकडं रुतत होता, आणि खांबवाडीचं भरून झाल्यावर उरेल ते पाणी माळेगव्हाण नेत होतं.

यंदा दिवाळीत म्हशीनं दावं ओढलं आणि दाव्याबरोबर धुळाजीचा उजवा खांदाही नेला. हाडवैद्यानं तो परत बसवला, पण कुठं बसवला ते त्यालाच ठाऊक. तेव्हापासून धुळाजीला पाण्याचा लोटा तोंडापर्यंत नेता येत नव्हता. पटका बायको भिवराबाई बांधून द्यायची, दार लावून. ती आणि हाडवैद्य सोडले तर कुणाला पत्ता नव्हता. गावाला सांगून टाकावं असं रोज त्याच्या मनात यायचं, आणि रोज कुणीतरी दारात दूध ठेवून जायचं. साल दुष्काळाचं. अर्धी जनावरं गेलेली, ते दूध लेकरांच्या तोंडचं. ते पिऊन झाल्यावर सांगणं बरं दिसत नव्हतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी तो नारायणगडावर जाऊन आला. हात जोडायला गेला तर उजवा वर येईना. मग एकाच हातानं जेवढं मागता येईल तेवढं मागितलं.

जत्रेला दोन्ही गावं चिऱ्यापाशी जमली. गिरदावराचं घोडं मांजरसुंब्यापाशी लंगडायला लागलंय, साहेब मागून येतायत, असा सांगावा आला. मुहूर्त घोड्यासाठी थांबत नाही, असं पंच म्हणाले. धुळाजीनं डोळे मिटले आणि फेकला. खांद्यात वाळली तुराटी मोडल्यासारखा आवाज झाला, तो त्यानं एकट्यानं ऐकला. भाला चाळीस पावलांवर दमला. खाली येता येता तो तिथून आडव्या चाललेल्या कडब्याच्या गाडीत घुसला आणि ताठ उभा राहिला; गाडी जागीच थांबली.

गाडी बंकटची होती. बंकट माळेगव्हाणचा, आणि धुळाजीचा जावई. तुझ्या बापानं आमचं पाणी नेलं, हे त्याच्या बायकोला, गीताबाईला, गेली अकरा वर्षं पाणवठ्यावर ऐकावं लागत होतं.

पंच बसले. भाला मातीत नव्हता हे खरं. पण देशमुखानं ‘उभा’ म्हटलं होतं, ‘मातीत’ म्हटलं नव्हतं. म्हणजे गाडी उभी तिथं शीव. विहीर गेली. माळेगव्हाणनं एका सुरात बंकटला बजावलं, की जागचा हलू नको. बंकटनं कासरे आवळले आणि मान वळवली.

“मामा, लई लांब फेकलात की.”

खांबवाडीचे पाटील भगवानराव जवळ आले.

“धुळ्या, काहून रं असं?”

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. धुळाजीला वाटलं, आता सरळ विहिरीत उडी घ्यावी; मग आठवलं की विहीर आता आपल्या गावची नाही, परवानगी मागावी लागेल.

तेवढ्यात विहिरीवर कुणीतरी पोहरा ओढला. बंकटच्या बैलांनी दोन दिवस पाणी पाहिलं नव्हतं. त्यांनी नाक वर केलं आणि निघाले. बंकट कासऱ्यांना लोंबकळत राहिला. बैल विहिरीपाशी पोचले, जनावरांच्या दगडी डोणीत तोंड घातलं. डोण कोरडी. मग त्यांनी घरची वाट धरली. मागं दोन्ही गावं धावली. गाडी अडवली तर भाल्याला हात लावल्यासारखं होईल का, यावर पंच पळता पळता भांडत होते. बैल थेट बंकटच्या अंगणात जाऊन थांबले. तिथं गीताबाईनं त्यांच्यासाठी घंगाळात चार तांबे पाणी जपून ठेवलं होतं. भाला कडब्यात ताठ.

लंगडं घोडं ओढत गिरदावर तासाभरानं आला. हात लगाया किसीने, एवढंच त्यानं विचारलं. न्हाई, दोन्ही गावं म्हणाली, कारण ते खरं होतं.

“तो यही हद. लिखो.”

पावलं मोजली, एक हजार चाळीस भरली. मारुतीच्या देवळासकट निम्मं माळेगव्हाण खांबवाडीत आलं. त्या निम्म्या गावानं तक्रार सुरू केली, पण विहिरीवर आता आपण पहिल्या रांगेत, हे ध्यानात येताच आवाज उतरला. खांबवाडीनं धुळाजीला खांद्यावर घेतलं. तो किंचाळला. लोकांना वाटलं, आनंदानं.

खाली उतरवल्यावर त्यानं अंगणाच्या कडेला बसून घेतलं. गीताबाईनं लोटा पुढं धरला. धुळाजीचा उजवा हात मांडीवर पडून राहिला. बोटं हलली, हात नाही. ती बघत राहिली. मग चारचौघांत तिनंच लोटा त्याच्या ओठाला लावला. लेकीनं बापाचा मान केला, असं लोक म्हणाले.

“आबा,” ती हळू म्हणाली, “पुढल्या साली?”

धुळाजीनं घंगाळ चाटणाऱ्या बैलांकडं पाहिलं.

“जत्रेच्या आधी दोन दिस यांला पाणी दावू नको,” तो म्हणाला. “आन् गाडी येळेवर धाड.”